बिबा लावला, पण भाजलं नाही

मला कुणी सोशीक म्हटलं की आता माझं डोकं फिरतं. मग म्हणणारा मामेसासरा असो की सरपंच, मी तिथल्या तिथं सुनावते. सोशीक म्हणे! जे दुखणं मला कळतच नव्हतं, ते मी सोसलं म्हणून गावभर माझं कौतुक झालं, अन् त्या कौतुकात माझा उजवा पाय कापायची पाळी आली.

डायबेटिस म्हणजे काय, स्वादुपिंड कुठं असतं, हे सांगायला मी बसलेली नाही. ते डॉक्टर सांगतील, त्यांचं काम आहे ते. मी रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जाणाऱ्या बायांसाठी लिहिते आहे. आणि त्यांच्या नवऱ्यांसाठीही. वाचून राग आला तर येऊ द्या. मला तर येऊनच राहिला आहे, जात नाही.

चिखल्या

आमचं गाव सिहोऱ्याजवळचं. तलावाच्या पाण्याखाली घरची धानाची शेती. रोवणी लागली की आम्ही घरच्या अन् शेजारच्या बाया मिळून एकमेकींच्या बांध्यांत, पाणी भरलेल्या वाफ्यांत, उतरतो. सकाळी चिखलात गेलेला पाय सांजेलाच बाहेर निघतो, तोही अनवाणी. चप्पल घालून रोवणी करणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. काही दिवसांत बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, फुगते, फाटते. ह्या चिखल्या. सगळ्यांनाच होतात. कुणाला झाल्या नाहीत तर बाया हसतात, म्हणतात, ही धुऱ्यावरच, कोरड्या बांधावर, बसून होती वाटते.

चिखल्यांवर आमच्याकडे बिबा लावतात. बिब्याला सुई टोचायची, दिव्यावर धरायचा, अन् त्याचं काळं तेल गरमागरम फाटलेल्या जागेवर टेकवायचं. चर्र होतं. भल्याभल्या बायांना माय आठवते.

बिबा लावण्यात आमच्या मोठ्या जाऊबाईंचा हात धरणारं कुणी नाही. कौसल्याबाई त्यांचं नाव. आमच्या रोवणीच्या ओळीत सगळ्यात पुढं त्याच. त्यांच्याबद्दल गावात म्हणतात, कौसल्याच्या पायाला काटा रुतत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, मूठ कशी धरायची हे त्यांनीच मला शिकवलं. माझी पहिली बाळंतपणं त्यांनीच काढली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्यांच्यावर मी काय काय बोलणार आहे ते मला माहीत आहे.

त्या वर्षी उन्हाळ्यापासूनच माझं काहीतरी बिघडलं होतं. घागरभर पाणी प्यायलं तरी घशाला कोरड. लघवीला तर विचारू नका. बांधीत काम करणाऱ्या बाईला आडोसा शोधत धुऱ्यामागं जावं लागतं, अन् माझ्या फेऱ्या पाहून बाया चिडवायच्या, "शोभाबाईनं धुऱ्यामागं कोणाले ठेवलं हाये का?" अंगावरचं मांस उतरलं, तर म्हणाल्या, बारीक झाली, आता छान दिसते. सुईत दोरा ओवता येईना, तर चाळिशी लागली. पायांची आधी आग व्हायची, मग मुंग्या यायला लागल्या, अन् मग कापसावर चालल्यासारखं वाटायला लागलं. तो म्हणे वात. माझ्या एकेका लक्षणाला गावात उत्तर तयार होतं. डॉक्टरला दाखव, एवढं एक उत्तर तेवढं कुणाजवळ नव्हतं.

आमच्या ह्यांना मी एकदा म्हटलं, "मले काहीतरी होऊन राहिलं." हे म्हणाले, "रोवणी होऊ दे, मंग पाहू." रोवणी झाली की निंदण असतं, निंदणानंतर कापणी, कापणीनंतर मळणी. बाईच्या तब्येतीचा महिना आमच्या पंचांगात कुठं येतो, ते मला अजून सापडलेलं नाही.

तर रोवणीत मला चिखल्या झाल्या. उजव्या पायाचा अंगठा अन् शेजारचं बोट, मधली जागा पार उकललेली. सांजेला ओसरीवर जाऊबाई दिवा अन् बिबा घेऊन बसल्या. माझा पाय मांडीवर घेतला. म्हणाल्या, "दात घट्ट खाय. जोऱ्यानं लावतो, एकाच टायमात काम होते."

मी दात खाल्ले, डोळे मिटले, पदर मुठीत धरला. वाट पाहत राहिले. शेवटी कंटाळून म्हटलं, "लावा न एकदाचा!"

"अवं, लावून झाला ना व माय!" जाऊबाई ओरडल्या. "हूं की चूं नाई केलं तू त! या व बायाहो, पाहा! ह्याले म्हणतात बाई!"

बाया गोळा झाल्या. शेजारची नवी सून बिब्याला पाहूनच रडत होती, तिला माझा पाय दाखवला. "शिक जरा शोभाकाकूपासून." आत बायांसाठी भजी तळणं चाललं होतं, कढईतलं पहिलं भजं मला मिळालं. आमचे हे पण मिशीत हसत होते. मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

गरम तेलानं कातडी जळत होती अन् मी भजं खात होते. त्या ओसरीवर एवढ्या बाया होत्या, एवढी वयं होती. एकीच्याही मनात आलं नाही की अगं, हिला भाजलं कसं नाही? सहन करते म्हणून आनंद! आमच्याकडे बाईला दुखलं नाही तर कुणाला काळजी वाटत नाही, सगळ्यांना सोय होते.

नायलॉनचा दोरा

सकाळी फोड आला. "बिबा उतला," जाऊबाई म्हणाल्या, "होते कधी कधी," अन् खोबरेल लावलं. मी बांधीत गेले. दुखतच नव्हतं, तर घरी कोणत्या तोंडानं बसणार? पुढं फोड फुटला, पायाला वास यायला लागला. बाजूला रोवणारी बाई नाकाला पदर लावायला लागली, पण बोलली नाही. एका दुपारी पऱ्ह्याची मूठ हातात असतानाच मला हुडहुडी भरली अन् मी चिखलात बसले.

ह्यांनी गाडीवर बसवून सिहोऱ्याच्या दवाखान्यात नेलं. सिस्टरनं बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्राला लावला. आकडा पाहिला, यंत्र हलवून पाहिलं, दुसरं बोट टोचलं. मग डॉक्टरांना बोलवायला गेली. तिच्या चालीवरूनच मला कळलं की काही खरं नाही.

डॉक्टर तरुण होते. पायाकडं पाहिलं अन् विचारलं, "हे कशानं भाजलं?"

"बिबा लावला," मी म्हटलं.

"दुखलं नाही?"

"नाही," मी म्हटलं. तेव्हाही, देवाशपथ, थोडं तोऱ्यातच म्हटलं.

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. म्हणाले, नायलॉनचा दोरा पायाला टेकवतो, कळलं की हो म्हणा. मी डोळे मिटले. बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मी वाट पाहत राहिले. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, टेकवा न."

"सगळीकडं टेकवून झालं, ताई," ते म्हणाले.

डोळे उघडले तर आमचे हे भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. दोरा माझ्या तळव्यावर वाकताना त्यांना दिसला होता अन् मला कळला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, शुगर आहे, आजची नाही, बऱ्याच दिवसांची आहे. पायाच्या नसा तिनं मारल्या. त्यात जखम, त्यात चिखल, त्यात बिबा. भंडाऱ्याला न्या, आत्ताच्या आत्ता. अंगठा अन् शेजारचं बोट बहुतेक जातील. पाय वाचेल का, ते आज सांगता येत नाही.

मी रडले नाही. मला त्या भज्याची शिसारी आली.

जोडवी

भंडाऱ्याला भरती केलं. बोट वांग्यासारखं सुजलेलं, अन् त्यात चांदीची जोडवी रुतून बसलेली. सिस्टर म्हणाली, कापून काढावी लागतील. तोवर जाऊबाई पोचल्या होत्या. त्या मधे पडल्या. "नवरा जित्ता असतानी जोडवी कापतेत का? अपशकुन हाये!"

माझ्या अंगात ताप होता, तरी मी उठून बसले. "जाऊबाई," मी म्हटलं, "तुमच्या दिराचं आयुष्य माह्या बोटात अडकलं असंल, त आता त्याले दुसरीकडं ठेवा. माह्या बोटात जागा नाई."

हे म्हणाले, "कापा." एवढा एकच शब्द बोलले. त्या दिवशी मला हे फार आवडले, तेही सांगून टाकते, कारण लगेच पुढं त्यांचाही नंबर आहे.

जोडवी कापली. जाऊबाई खाटेच्या पायथ्याशी पदर तोंडात घालून रडत होत्या. मी त्यांना म्हटलं, "तुमी लावला बिबा. तुमी जाळला माह्या पाय." त्या म्हणाल्या, "मी काय मुद्दाम केलं व? दरसाल सगळ्याइले लावतो." ते खरंच होतं. खरं होतं म्हणून तर जास्त राग आला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले नाही.

दवाखान्यात रोज सकाळी ड्रेसिंग. तिथले डॉक्टर मेलेलं मांस कापून काढायचे अन् त्याला भूल द्यावी लागायची नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तोंड फिरवून घ्यायची. मी मात्र पाहत बसायचे. माझाच पाय, माझ्याच समोर कापला जातो आहे अन् जणू भाजी चिरणं चाललं आहे. त्याच्याइतकी भीती मला आयुष्यात कशाची वाटली नाही. एक दिवस ड्रेसिंग करताना घोट्याच्या वर चिमटा लागला अन् मी "आई गं!" म्हणून ओरडले. डॉक्टर हसले. म्हणाले, "ओरडा, ताई, खूप ओरडा. इथपर्यंत पाय जिवंत आहे." त्या दिवशी पहिल्यांदा मला रडू आलं.

भेटायला येणारे तर देवानंच पाठवलेले. एक जण पेढे घेऊन आला, कारण रिकाम्या हातानं कसं यायचं. एक बाई आल्या आल्या चादर उचलून म्हणाल्या, "कापला नाई का अजून?" ह्यांचा चुलतभाऊ आला, तो म्हणे, नदीपलीकडं एक माणूस आहे, "मुळी देते, पाय कापा लागत नाई, शुगरची सुई पण सुटते." अन् आमचे हे, जोडवी कापा म्हणणारे हे, सुट्टी घेण्याबद्दल सिस्टरला विचारून आले!

मी म्हटलं, "तुमाले न्यायचं असंल त मुळीवाल्याकडं तुमी जा. मी इथून हालत नाई."

"लोक काय म्हणतीन? दोन बोटं कापू दिली, नवऱ्यानं काही केलं नाई."

"लोकाइले पाठवा माह्या जागी झोपाले!"

लेक प्रणाली भंडाऱ्याजवळच जवाहरनगरला राहते, जावई फॅक्टरीत आहे. ती डबा घेऊन रोज यायची. तिनं बापाला बाहेर व्हरांड्यात नेलं. काय बोलली ते तिनं मला कधी सांगितलं नाही. हे परत आले, स्टुलावर बसले अन् म्हणाले, "भेव लागून राहिला होता मले." मुळीचं नाव पुन्हा निघालं नाही.

अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं. पाय राहिला.

भात

सुट्टीच्या दिवशी एका मॅडमनं आहाराचा कागद दिला अन् एका दमात सांगितलं, भात बंद, बटाटा बंद, साखर बंद, दोन पोळ्या खा. भात बंद! मॅडम, आम्ही सकाळी भात खातो, दुपारी भात खातो, सांजेला भात खातो, अन् मधे भूक लागली तर मुरमुरे खातो, ते पण धानाचेच. अंगणात धानाची पोती, अन् मी त्यांना टेकून विकतच्या गव्हाची पोळी खाऊ? एकदमच तोडायला सांगितलं की माणूस काय करतो? घरी जाऊन कागद खुंटीला अडकवतो अन् ताट भरून भात खातो. आमच्या गावात अशा किती खुंट्या आहेत, या पाहायला.

गावी परतल्यावर सिहोऱ्याच्या त्या तरुण डॉक्टरांनाच मी विचारलं. ते म्हणाले, भात खा, पण वाटीनं, डोंगर करून नाही. आधी भाजी, वरण, मग भात. तेव्हा कुठं ते माझ्या गळी उतरलं. आता माझ्या ताटात लाखोरीची पालेभाजी जास्त अन् भात कमी असतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी अजून म्हणतो, "घ्या न काकू, एका दिवसानं काय होते?" त्याला मी पाय दाखवते. तो पुढं सरकतो.

साखरेचा डबा

इन्सुलिनची सुई घरीही चालू राहिली तेव्हा सगळ्यांची सुतक असल्यासारखी तोंडं होती. "सुई लागली म्हणजे संपलं," म्हणत. अरे, सुईनं संपत नाही, सुई घेतली नाही म्हणून संपतं! पोटाला टोचते, मुंगी चावल्याइतकं लागतं. लागतं, हेच मला आवडतं. लाईट जाते म्हणून औषधाची बाटली डबीत बंद करून ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवते, हे पण डॉक्टरांना विचारूनच.

पण एक दिवस सुई घेतली अन् ह्यांनी पाहुण्यांशी बोलण्यात जेवण लांबवलं. मला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली. असं झालं तर लगेच साखर खायची, हे दवाखान्यात बजावून सांगितलं होतं. मी ह्यांना म्हटलं, "साखर द्या मले."

हे म्हणाले, "डोकं फिरलं का तुह्यं? शुगरची बाई अन् साखर मागते?"

"अवो, द्या म्हणतो न!"

ह्यांनी साखरेचा डबा उचलला अन् पाठीमागं लपवला. लपवला! मी जमिनीवर घरंगळत होते अन् हा माणूस डबा घेऊन चुलीभोवती माझ्यापासून पळत होता. नशीब, पाहुण्यानं प्रणालीला फोन लावला अन् ती फोनमधूनच किंचाळली, "बाबा, साखर द्या तिले आधी! मरंल ती!" तेव्हा मूठभर साखर माझ्या तोंडात आली, अर्धी पदरावर. पाच-दहा मिनिटांत मी उठून बसले अन् ह्यांना जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आता त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम साखरेची पुडी असते. पाहुण्यांना काढून दाखवतात, जसं काही त्यांनीच शोध लावला.

पुन्हा रोवणी

यंदा रोवणी लागली तेव्हा मी बांधीत उतरले नाही. चिखलात पाय घालायची मला मनाई आहे. बंद चप्पल घालून धुऱ्यावर बसते अन् पऱ्ह्याच्या जुड्या बांधून देते. रोज आरसा खाली धरून तळवे पाहते, चप्पल घालायच्या आधी झटकते, पाणी किती गरम आहे ते पायानं नाही, कोपरानं पाहते. बाया गाणी म्हणत मागं मागं सरकतात अन् हिरवी ओळ माझ्यापासून दूर जाते. मी अठरा वर्षांची असल्यापासून ते केलं. कुणी म्हणतं, बसून काम आहे, मजा आहे तुझी. त्याला मजा नाही म्हणत, बाई.

जाऊबाई ओळीत पुढंच होत्या. दवाखान्यानंतर वर्ष होत आलं होतं, आम्ही एका अंगणात राहून बोलत नव्हतो. मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं ह्या बाईनं, चुकलं. त्यांना वाटत असावं, एवढं केलं हिचं अन् ही माझ्यावर उलटली.

परवा सांजेला त्या ओसरीवर बसल्या होत्या, त्याच जागी. पुढ्यात दिवा, सुईला टोचलेला बिबा. स्वतःचाच पाय मांडीवर ओढून घेतलेला, बेचक्यात चिखल्या. शेजारची ती सून कौतुकानं पाहत होती. म्हणाली, "कौसल्याकाकू स्वतःच लावून घेतेत, डोळ्याची पापणी बी हालत नाई!"

मी घरातून ते ऐकलं. अन् मला आठवायला लागलं. जाऊबाई हल्ली घागर उशाशी घेऊन निजतात. धुऱ्यामागं त्यांच्या फेऱ्या वाढल्या आहेत. गळ्याची हाडं वर आली आहेत. मी तर रोज धुऱ्यावर बसून पाहत होते. रागात होते म्हणून फक्त पाहत होते.

मी बाहेर आले अन् फुंकर मारून दिवा विझवला.

"कायले व?" जाऊबाई भडकल्या. वर्षातला हा आमचा पहिला शब्द.

"डोळे मिटा," मी म्हटलं.

"काहून? आता काय नवीन नाटक हाये तुह्यं?"

"मिटा म्हणतो न! सगळं तुमचंच ऐकलं म्या आतापर्यंत, एकदा माह्यं ऐका."

काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी डोळे मिटले. ओसरीच्या खुंटीवर ह्यांचा मासोळीचा गळ टांगलेला असतो. त्याची तंगूस, तसलाच नायलॉनचा दोरा, मी विळ्यावर धरून तुकडा तोडला. म्हटलं, "ही तंगूस पायाले टेकवतो. कळलं त हो म्हणा."

जाऊबाईंनी मान ताठ केली, दात घट्ट खाल्ले, जणू बिबाच लावून घेणार होत्या. मी तंगूस त्यांच्या अंगठ्याला टेकवली. ती वाकली. करंगळीला टेकवली, तिथंही वाकली. मग तळव्याला, मग टाचेला. ती सून माझ्या तोंडाकडं पाहत होती.

"लाव न व, शोभा," जाऊबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "कायची वाट पाहून राहिली?"

मी तो बिबा उचलून अंगणात भिरकावला, अन् घरात बसलेल्या ह्यांना ओरडून सांगितलं की उद्या रोवणी बंद, सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊबाईंना दवाखान्यात न्यायचं आहे.